भिंत कोरी ठेवायची

चुन्यानं पांढरी केलेली एक उंच भिंत, भिंतीला बंद फाटक. पलीकडे बाग आणि त्या बागेतून वर आभाळात गेलेला माड. भिंतीच्या अलीकडे, रस्त्यावर, एक लहान काळं मूल एकटंच उभं आहे. विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकारानं १८८५ साली बहामा बेटांवर केलेलं ‘अ गार्डन इन नॅसॉ’ हे जलरंगचित्र एवढंच आहे. कागद जेमतेम पावणेदोन फूट रुंद. आज ते शिकागोच्या टेरा फाउंडेशनच्या संग्रहात आहे. जलरंग शिकायला निघालेल्या कुणालाही मी या चित्राची नक्कल करून बघायला सांगतो. त्यातली सर्वांत उजळ, नजर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे ती भिंत, आणि ती होमरनं जवळजवळ रंगवलेलीच नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना बागेतली माणसं हा विषय नवा नाही. स्मरणचित्राच्या पेपरात बागेत खेळणारी मुलं, फुगेवाला, बाकावरचे आजोबा आपण सगळ्यांनीच काढलेत. तिथली रीत ठरलेली असे: आधी माणसं, मग झाडं, मग उरलेल्या जागेत हिरवा रंग, आणि शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरनं फुलं, ढग, सदऱ्यावरच्या रेघा. पोस्टर कलर अपारदर्शक असतो. गडदावर फिकट बसतो, खालचं झाकून टाकतो. पारदर्शक जलरंगात मात्र पांढरा म्हणजे कागद. तो राखायचा असेल तर पहिला ब्रश ओला होण्याआधीच ठरवावं लागतं की इथे, इथे आणि इथे आपण जाणार नाही. बघणाऱ्याच्या लक्षात सर्वांत शेवटी येणारी कोरी जागा करणाऱ्याला सर्वांत आधी पक्की करावी लागते.

यामागचं कारण समजलं की साध्या वॉशकडेही, म्हणजे रंगाच्या पसरट पाणीदार थराकडेही, वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं. जलरंगात मुख्य गोष्टी दोनच: रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि बाभळीच्या नात्यातल्या एका झाडाचा डिंक. पाणी हे सगळं कागदावर पसरवतं आणि स्वतः उडून जातं. मागे इतका विरळ थर उरतो, की उजेड त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत त्याच थरातून गाळला जाऊन बाहेर येतो. म्हणजे आपल्या डोळ्यापर्यंत येणारा उजेड रंगातून दोनदा गेलेला असतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. जाडसर अपारदर्शक रंगात तो वरच्यावरच परततो. इथे उजेड कागदाकडून येतो आणि प्रत्येक नवा थर त्यातला थोडा थोडा काढून घेत जातो. एकदा गेलेला उजेड वरून रंग देऊन परत आणता येत नाही.

मराठी वाचकाला यासाठी एक जवळचं चित्र आठवेल. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, आणि तैलचित्रही समजतात. ते हळदणकरांचं आहे, त्यांच्या मुलीवरून केलेलं, आणि जलरंगातलं आहे. बोटांच्या फटींतून येणारा तो दिव्याचा उजेड तैलरंगाचा नाही, हे कळल्यावर ते चित्र पुन्हा एकदा पाहावं लागतं.

होमरला हे शिकायला वेळ मिळाला होता. आई हेन्रिएटा स्वतः हौशी जलरंगचित्रकार होती. तो मात्र तरुणपणी बॉस्टनमधल्या एका शिळाछापखान्यात उमेदवारी करत होता, आणि पुढे ‘हार्पर्स वीकली’साठी लाकडी ठशांची चित्रं काढत होता. लाकडी ठशात पांढरं ठेवायचं ते कोरून काढायचं असतं, उरलेलं शाई घेतं. वर्षानुवर्षं असं काम केलेल्या माणसाच्या मनात पांढऱ्याचा हिशेब आधी होत असणार, असं मला वाटतं. जलरंग त्यानं १८७३ मध्ये, सदतिशीत, गांभीर्यानं हाती घेतले. १८८४ च्या हिवाळ्यात ‘सेंच्युरी’ मासिकानं त्याला नॅसॉला पाठवलं, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या थंडीला कंटाळलेल्या पैसेवाल्यांसाठी बहामा ही हवापालटाची जागा होऊ घातली होती आणि मासिकाला त्यावर सचित्र लेख छापायचा होता. तो १८८७ मध्ये छापून आला. बागेचं चित्र काढायला होमर बागेत बसला असता तरी चाललं असतं. हे चित्र त्यानं रस्त्याच्या बाजूनं केलं.

आता नक्कल करायला बसू. पहिली अडचण पेन्सिलच्या रेखाटनाची वाटते, पण ती किरकोळ आहे. खरा प्रश्न क्रमाचा. पुरं झालेलं चित्र एका दमात समोर येतं. आभाळ, झावळ्या, सावल्या, मूल सगळं एकाच वेळी तिथे असतं. ते कागदावर आलं मात्र एकामागून एक, आणि नक्कल करणाऱ्याला तो क्रम उलटा उलगडत जावं लागतं. कशावर काय आहे? झावळीच्या पानांमधून आभाळाचा निळा सलग जाताना दिसला तर आभाळ आधीचं. पान आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी कोरी रेघ सुटली असेल तर दोन ओले रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती सोडलेली. एखादी कड मऊ, विरघळलेली असेल तर दुसरा रंग आला तेव्हा पहिला ओला होता. कड सुरीनं कापल्यासारखी असेल तर मध्ये कागद वाळू दिला होता. कडा बघायची सवय लागली, की एकशेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी कागद कधी ओला होता आणि कधी सुकला होता हे कळू लागतं. मला या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं. पाणी कधीच उडून गेलं आणि त्याच्या हालचालींची नोंद मागे राहिली.

ती नोंद कशी राहते याचा एक भाग शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे नीट उलगडला. ओट्यावर सांडलेला कॉफीचा थेंब वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद कंगोरा राहतो. कोरड्या कागदावरच्या जलरंगाच्या पाणीदार डागालाही असाच कंगोरा असतो. हे का होतं, याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दिलं. थेंबाची कड कागदाला किंवा ओट्याला चिकटून बसते, जागची हलत नाही. कडेला थर पातळ असल्यानं तिथलं पाणी लवकर उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहू लागतं आणि येताना तरंगणारे कण सोबत घेऊन येतं. थेंब स्थिर दिसत असतो, आणि त्याच्या आत मधून बाहेर एक अखंड प्रवाह चाललेला असतो. होमरच्या पानांच्या कडांवरची ती बारीक गडद रेघ कुणी वेगळी काढलेली नाही. ती वाळणाऱ्या पाण्यानं काढली. आपल्यालाही ती काढायची नसते. डाग पुरेसा पाणीदार ठेवायचा, एकदाच टेकवायचा आणि हात मागे घ्यायचा.

दुसरी गंमत ओलेपणाची. ओला वॉश मनासारखा गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. सगळे शिकवणारे ‘थोडा गडद लावा’ म्हणून सांगतात. का ते फारसं कुणी सांगत नाही. कोरडा कागद पांढरा दिसतो, कारण त्याच्या तंतूंच्या फटींत हवा असते आणि हवा-तंतू, हवा-तंतू अशा असंख्य सीमांवर उजेड विखुरतो. पाणी त्या फटींत शिरलं की हवा बाहेर जाते. पाणी आणि तंतू यांचं उजेडाशी वागणं बरंच सारखं, त्यामुळे विखुरणं घटतं, उजेड खोल जातो आणि कमी परत येतो. पहिल्या पावसात अंगणातली माती काळी पडते त्याचं कारणही हेच.

भिंतीकडे परत येऊ. ती जवळजवळ कोरी आहे, तरी कोरी वाटत नाही. उन्हात तापलेली, डोळे दिपवणारी वाटते. कोऱ्या कागदाचा तुकडा तिच्याशेजारी धरला तर तो काही डोळे दिपवत नाही. हा जास्तीचा उजेड येतो शेजाऱ्यांकडून. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेच्या रंगखात्याचा प्रमुख होता. तिथला काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. रंग एकमेकांशेजारी आले की परस्परांना बदलतात, या विषयावर त्यानं १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर होमरच्या भावानं त्याला १८६० मध्ये भेट दिलं आणि होमरनं ते जन्मभर जपलं. नॅसॉची भिंत म्हणजे त्या ग्रंथाचा प्रयोग वाटावा अशी आहे. भिंतीवरून डोकावणारी पानं गडद, पानांची सावली थंड निळसर. म्हणून मधला कोरा कागद आहे त्याहून पांढरा आणि किंचित उबदार दिसतो. नक्कल करताना पानं भिऊन भिऊन फिकट लावली तर भिंत मळकट वाटू लागते, तिला ब्रश लागलेला नसतानाही. भिंत उजळायची तर पानांना हिंमतीनं गडद करायचं.

त्या हिरव्यांबद्दल थोडं. ट्यूबमधला तयार हिरवा सरळ लावला तर बाग रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसते. त्या काळचे जलरंगचित्रकार बहुतेक हिरवे निळ्या-पिवळ्यातून मिसळत. प्रशियन ब्ल्यू हा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघालेला रंग होमरच्या जलरंगांत भरपूर सापडतो. त्यात गॅम्बोज नावाचा पिवळा मिसळला की हूकर्स ग्रीन होतो. विल्यम हूकर या वनस्पतिचित्रकाराच्या नावानं तो आजही दुकानात मिळतो, फक्त आतली द्रव्यं बदलली आहेत. गॅम्बोज म्हणजे आग्नेय आशियातल्या एका झाडाचा पिवळाजर्द चीक. ते झाड आपल्या रातांब्याच्याच कुळातलं, गार्सिनिया. सोलकढीला गुलाबी करणारं झाड आणि पाश्चात्त्य चित्रांतल्या पानांना हिरवं करणारं झाड एका घरचं आहे, हे कळल्यापासून रंगपेटीतल्या त्या कप्प्याशी माझं वेगळंच नातं जुळलं आहे.

माडाचंही तेच. बहामातला माड पाहून कोकणातल्या माणसाला घर आठवावं, यात आश्चर्य नाही. पण युरोपीय गलबतं जाण्याआधी कॅरिबियन किनाऱ्यांवर माड नव्हता. माडाचे जगभरात दोन मोठे वंश आहेत, एक प्रशांत महासागराकडचा आणि एक हिंदी महासागराकडचा, असं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. अटलांटिककडचे माड या दुसऱ्या, आपल्याकडच्या वंशाचे. पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेला वळसा घालून तिकडे पोहोचवले. तेव्हा नॅसॉच्या भिंतीवरून डोकावणारं ते झाड आपल्या नात्यातलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. ते काढताना कोकणातल्या मुलांचा हात जास्त चालेल, एवढं नक्की. झावळीचं पान मुळाशी रुंद, टोकाशी निमुळतं. ब्रशचं पोट आधी दाबायचं आणि ओढत नेता नेता उचलायचं. एका पानाला एकच फटकारा. दुसऱ्यांदा गेलो की पान मरतं.

आता मूल. चित्रातली ही एकमेव व्यक्ती इतकी लहान आहे, की नाक-डोळे रंगवायचा मोह आला तरी जागाच नाही. तरीही ते मूल आहे, थबकलेलं आहे, बागेकडे बघतंय, हे लांबूनही कळतं. हे सगळं बाह्याकारातून येतं: डोक्याचा आणि धडाचा प्रमाणातला फरक, खांद्यांचा उतार, कोणत्या पायावर भार आहे ते. उजळ भिंतीसमोर गडद अंग, एवढ्यावर नजर तिथेच जाऊन पोहोचते. काळ्यासावळ्या अंगाला काळा रंग लावू नये. तो कागदाला भोक पाडल्यासारखा दिसतो. मी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन वापरतो. आभाळाकडच्या बाजूला निळा जरा जास्त आणि रस्त्यावरून उजेड परततो तिथे सिएना जास्त. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण न घोटता कागदावरच एकमेकांत शिरू द्यायचे. अल्ट्रामरीनचे कण गुठळ्या धरून कागदाच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे वाळल्यावर त्या इवल्या अंगात एक जिवंत खरखरीतपणा येतो. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या ‘फ्लेश टिंट’च्या कृती आपल्याला कधी उपयोगी पडल्या नाहीत. आपल्या माणसांचे रंग शिकायला हे मूल चांगलं गुरू आहे.

आणि ते आधी एकटं नव्हतं. होमरनं मुळात आणखी दोन मुलं काढली होती, नारळासाठी भिंतीवर चढणारी. नंतर त्यानं ती काढून टाकली. उजेड परत आणता येत नाही असं मी वर म्हटलं, ते वरून रंग देण्यापुरतं खरं आहे. उलट्या वाटेनं, रंग उचलून किंवा कागद खरवडून, थोडाफार परत मिळवता येतो. चांगल्या कागदाला जिलेटिनची खळ दिलेली असते, त्यामुळे रंग तंतूंत खोल न मुरता वरच्या थरात राहतो. पुन्हा ओला करून टिपकागदानं किंवा स्पंजनं तो उचलता येतो, सुरीनं खरवडता येतो. होमर या कामात तरबेज होता. लाटेवरची चमक, पाण्यावरची तिरीप तो कितीदा तरी खरवडून काढी.

पण विचार करा, त्यानं काय पुसलं. मासिकाच्या वाचकाला आवडेल अशी गोष्ट: खोडकर पोरं, चोरीचे नारळ, थोडी धमाल. ती दोन मुलं गेली आणि भिंत अचानक उंच झाली. बहामा तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. गुलामगिरी कायद्यानं संपून पन्नास वर्षं झाली होती आणि बागा भिंतींच्या आत होत्या. चढणारं कुणी नसलं की भिंत फक्त भिंत राहते, आणि बाहेरचं मूल तिच्याकडे बघत राहतं. होमरनं एकही रंग न वाढवता चित्राचा अर्थ बदलला. नक्कल करताना त्या जागी हात पोहोचतो तेव्हा तिथे करण्यासारखं काहीच नसतं. कोरा कागद राखायचा आणि पुढे जायचं. ती जागा होमरसाठी किती कष्टाची होती हे माहीत असलं, की ते ‘काही न करणं’ फार जड वाटतं.

नक्कल नेमकी कशाची करायची, हाही प्रश्न आहे. जलरंगातले काही लाल-जांभळे उजेडात उडतात. होमरचंच १८८७ मधलं ‘फॉर टु बी अ फार्मर्स बॉय’ हे शेतातल्या मुलाचं चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्यातलं आभाळ जवळजवळ पांढरं दिसतं. लेझरच्या साह्यानं अतिसूक्ष्म कण तपासल्यावर तिथे लाल-जांभळ्या रंगद्रव्यांचा मागमूस सापडला. ते कोरं आभाळ एकेकाळी सूर्यास्तानं पेटलेलं होतं. म्हणून प्रत्येक जुन्या चित्रातली कोरी जागा राखलेलीच असेल असं धरून चालता येत नाही. काही जागा उडून गेलेल्या असतात. आपण तरी ट्यूबवरचा टिकाऊपणाचा शेरा वाचून रंग घ्यावेत.

या चित्राची भरपूर नक्कल करून झाल्यावर मी सध्या एका बदलाशी झटतोय. होमर जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, चित्र सर्वांचं आहे. खाली ‘होमरवरून’ लिहिलं की झालं. तेच मूल, तोच माड, तेच ऊन. फक्त नॅसॉच्या चुनखडीच्या भिंतीऐवजी कोकणातला जांभ्या दगडाचा गडगा. एवढ्यानं सगळं कोलमडतं. जांभा तांबूस-तपकिरी, मधल्या पट्टीतला रंग. त्याच्यासमोर सावळं मूल उठून दिसत नाही, मिसळून जातं. कोऱ्या कागदाची सर्वांत मोठी जागाच हातातून जाते. मग ऊन ठेवायचं कुठे? गडग्याच्या वरच्या कडेवर एक बारीक पट्टी राखून पाहिली, ती पुरत नाही. झावळ्यांच्या फटींतलं आभाळ कोरं ठेवलं तर नजर वर जाते आणि मूल सुटतं. मुलाच्या अंगात पांढरा सदरा घातला तर सगळा उजेड त्याच्याकडे जातो, आणि ते गडग्याबाहेर आहे की आत, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. सध्या गडग्याला फाटकाऐवजी बांबूची बेडी काढून बघतोय. तिच्या आडव्या बांबूंमधून पलीकडच्या अंगणातलं ऊन दिसतं, आणि कागद कोरा राखायचा तर तो तिथे, मुलाच्या डोक्याच्या थोडा वर.